टायमरवाला स्लीप मास्क: चार महिने वापरल्यावर

हा मास्क लेकीने मला आणून दिला, त्याला चार महिने झाले. जवळपास रोज दुपारी वापरतेय, तेव्हा आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. दिसायला साधा काळा स्लीप मास्क. फरक एवढाच, की डाव्या कानशिलापाशी एक छोटी मोटर बसवली आहे. २०, ४५ किंवा ९० मिनिटं लावायची, वेळ भरली की ती थरथरते. आवाज अजिबात नाही, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कुणाची झोप मोडत नाही.

मला तो हवा होता पियानोसाठी. पन्नाशी उलटल्यावर शिकायला घेतलाय आणि डावा हात ऐकत नाही. सध्या जो तुकडा बसवतेय, त्यात एके ठिकाणी अनामिकेवरून करंगळीवर जायचं आहे. नेमकी तिथे अनामिका पट्टीला चिकटून राहते, करंगळी उशिरा पडते आणि ठरलेल्या वेगाने ठोके देणारा मेट्रोनोम पुढे निघून जातो. आधीचे-नंतरचे सूर नीट येतात, तेवढा दोन सुरांमधला एकच सांधा अडतो.

सराव झाल्यावर झोपा, हात सुधारेल, असं सर म्हणाले तेव्हा मला वाटलं, माझी समजूत काढतायत. मग मी त्याबद्दल वाचत गेले. २००२ मध्ये झोपेवर संशोधन करणारे मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने बटणं दाबायला शिकवलं होतं. रात्रीच्या झोपेनंतर तोच क्रम सुमारे २० टक्के जास्त वेगाने जमला, तोही चुका न वाढता. दिवसभर तेवढाच वेळ जागं राहून हे झालं नाही. २००७ मध्ये मासाकी निशिदा आणि वॉकर यांनी हाच प्रयोग दुपारच्या झोपेसाठी केला, आणि त्यांनी सरावाला घेतला होता डावा हात! सकाळी सराव, मग एका गटाला ६० ते ९० मिनिटं झोप, दुसरा गट जागा. पहिल्या सरावानंतर आठ तासांनी दोघांची चाचणी. जागे राहिलेले होते तिथेच होते, झोपलेल्यांचा हात सुधारला होता. झोपेत मेंदूत एखाद-दोन सेकंदांचे जलद लहरींचे झुबके उठतात, त्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात. डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या बाजूकडे असतो. ज्यांच्या उजव्या बाजूला डावीपेक्षा हे स्पिंडल जास्त होते, त्यांची प्रगतीही जास्त होती. म्हणजे सकाळी मेंदूचा जो भाग राबला, त्याच भागात झोपेत हालचाल सुरू होती. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ माझ्या डाव्या हाताकडे बघत बसले होते.

म्हणूनच खोक्यावरच्या मजकुराबद्दल माझी तक्रार आहे. तिथे २० मिनिटांपुढे ‘शिकण्यासाठी’ आणि ९० पुढे ‘आरामासाठी’ असं छापलंय. वीस मिनिटांच्या डुलकीने तरतरी येते, ते खरंच. पण स्पिंडल येतात ते झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात, आणि तिथे पोचायला आधी डोळा तर लागायला हवा. टायमर मात्र बटण दाबल्या क्षणापासून मोजायला लागतो. मला झोप लागायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. पहिले तीन आठवडे मी खोक्यावर विश्वास ठेवून २० वर झोपत राहिले आणि ते फुकट गेले. ४५ वर उठले की डोकं जड, पाय ओढत चालावं लागे, बहुधा गाढ झोपेतूनच उठवलं जात असावं. ९० माझ्या प्रकृतीला मानवलं. तरी उठल्याबरोबर पियानोला बसत नाही, अर्धा तास जाऊ देते.

आता त्या सांध्याचं सांगते. वहीत मी मेट्रोनोमचे आकडे, म्हणजे मिनिटाला किती ठोके, लिहून ठेवते. ज्या दुपारी झोपले नाही, त्या संध्याकाळी तो तुकडा सकाळच्याच ६६ वर राहिला. झोपलेल्या दिवशी बहुतेक वेळा ७२ वर निघाला, आणि फरक पडला तो सगळीकडे सारखा नाही, अडलेल्या जागी. २००४ च्या एका प्रयोगातही हेच दिसलं होतं, की क्रमातल्या ज्या जागी बोटं रेंगाळतात, तिथेच झोपेनंतर सुधारणा जास्त होते. काही संशोधकांचं म्हणणं असं, की यातला काही भाग म्हणजे निव्वळ थकवा उतरणं. मला ते पटतं. म्हणून मी सराव संपतानाच्या आकड्याशी तुलना करत नाही, न झोपलेल्या संध्याकाळींशी करते.

रात्री झोप झाली की दुसऱ्या सकाळी तो सांधा एरवीही थोडा मोकळा व्हायचाच. दुपारच्या झोपेने ते त्याच संध्याकाळी मिळतं, आणि क्लास संध्याकाळी असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. दुसरा फायदा, सकाळचा तुकडा पक्का होण्याआधीच दुसरा तसलाच तुकडा घेतला तर पहिला विस्कटतो. मारिया कॉर्मन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की मध्ये ९० मिनिटांची झोप झाली तर ही विस्कटण्याची भीती बरीच कमी होते. नवीन तुकडा मी आता झोपेनंतरच उघडते.

मास्कमध्ये डोळ्यांपुढे खोलगट वाट्या आहेत, पापण्या कापडाला लागत नाहीत, हे फार छान. नाकापाशी मात्र उजेड येतो. धुताना मोटर खिशातून सरकवून काढता येते. वेल्क्रोत केस अडकतात.

मोठा दोष बटणाचा. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर झोपणं, आणि मला सवयच तशी. बटणही डावीकडेच! उशीवर दाबलं जाऊन टायमर बंद पडतो. दोनदा तशीच झोपून राहिले आणि क्लास बुडाला. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की पाठीवर झोपा. शेवटी मी जुन्या सुती कापडाची गोल गादी मधे भोक ठेवून बटणाभोवती शिवली. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही.

रात्री आधीच झोप लागत नसेल, तर दुपारी दीड तास झोपायच्या फंदात पडू नका. माझी रात्र खराब गेली की मीही ४ नंतर मास्क लावत नाही. बाकी सराव सकाळी करणाऱ्यांनी जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन. कंपनीने बटण कपाळावर आणलं आणि टायमर झोप लागल्यापासून मोजायला लावला, तर उरलेले दीडही देईन.