जीपला पीटीओ बसवला, त्याची गोष्ट

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, ट्रॅक्टर वळवायला जागाच नाही, म्हणून बाबांच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपलाच मागून पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या जोरावर अवजारं फिरवणारा शाफ्ट, बसवून घेतला. गॅरेज गोव्यातल्या वाळपईच्या बाजूचं. मेस्त्रींनी ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गियरपेटीच्या) मागून शाफ्ट काढला, टोक ट्रॅक्टरसारखंच सहा खाचांचं. काम नेटकं, ऑईलचा थेंब गळत नाही. फक्त ‘फाल्यां येयात’ (उद्या या) ऐकण्यात तीन आठवडे गेले!

ट्रान्सफर केस न्यूट्रलला, गियर टाकला की जीप जागेवर आणि शाफ्ट फिरतो. पावसाआधी पोफळींना बोर्डो (बुरशीवरचं औषध) मारायला फवारणी पंप जोडला, धार थेट शेंड्याला. गोल करवत मात्र डोकं खाते. जीपला इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारा गव्हर्नर नाही. ओंडका तुटला की इंजिन किंचाळतं, आणि शाफ्ट मिनिटाला 540 फेऱ्यांवर धरायला हँड थ्रॉटलशी (हातानं वेग धरायच्या दांड्याशी) झोंबत बसायचं. क्लच दाबला की शाफ्टही थांबतो.

शाफ्टवर गार्ड, म्हणजे झाकण, दिलाच नव्हता. विचारलं तर मेस्त्री हसले. चौथ्या दिवशी लुंगीचं टोक त्यात जाता जाता राहिलं. मग फोंड्याहून पत्रा वाकवून आणला, माझ्याच खर्चानं.