पैसा दिसतो, नाते दिसत नाही : अमेरिकी निवडणूक आयोगाची खर्चशोध सेवा

अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारसमितीचा जमाखर्च कोणालाही, विनाशुल्क आणि खाते न उघडता पाहता येतो. सरकारने नागरिकांना दिलेल्या उत्तम सेवांमध्ये मी तिची गणना करतो. मात्र राजकारणी देणगीदारांच्या पैशातून आपल्या घरच्यांना पगार देतात का, हे शोधायला बसलेल्या माणसाला ही सेवा ऐन मोक्याच्या जागी एकटे सोडते, आणि त्या एका उणिवेविषयी विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

वापरायला ती सोपी आहे. खर्चाच्या विभागात समितीचे नाव टाकले की पैसे कोणाला दिले, किती, कोणत्या तारखेला आणि कशासाठी, हे ओळीओळीने समोर येते. रक्कम, तारीख, राज्य किंवा पैसे घेणाऱ्याचे नाव यांनुसार यादी गाळता येते, उतरवून घेता येते, आणि मूळ अहवालाचे पानही उघडता येते. एका निवडणूक चक्रात, म्हणजे एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंतच्या काळात, एखाद्याला दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की त्याची स्वतंत्र नोंद करणे समितीला बंधनकारक आहे. सिनेटचे उमेदवार २०१८ पर्यंत कागदी अहवाल देत असत. ती अडचण आता राहिलेली नाही.

या नोंदींमध्ये ताकद आहे, याचा पुरावा कॅलिफोर्नियाचे खासदार डंकन हंटर यांच्या प्रकरणात मिळाला. २०१६ मध्ये त्यांच्या प्रचारखात्यातून व्हिडिओ गेमवर झालेल्या १,३०२ डॉलरच्या खर्चाविषयी आयोगाने विचारणा केली, आणि तिथून प्रकरण इतके वाढले की २०१८ मध्ये त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर अडीच लाख डॉलरहून अधिक प्रचारनिधीच्या गैरवापराचे आरोपपत्र दाखल झाले. दोघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. हंटर यांना मार्च २०२० मध्ये अकरा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. त्या आरोपपत्रातील सुटीच्या सहलींपेक्षा एक लहानसा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खजिनदाराचा विरोध असताना हंटर यांनी पत्नीला प्रचारप्रमुख म्हणून पगारावर घ्यायला लावले, आणि त्या पगारातून येणारा जास्तीचा पैसा घराला हवा आहे हेही मान्य केले, असे त्यात म्हटले आहे.

नैतिक प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. प्रचारनिधी उमेदवाराच्या खासगी खर्चासाठी वापरता येत नाही. पण तोच पैसा पत्नीचा पगार म्हणून घरात आला की त्यातून घराचा हप्ता भरायला कायद्याची हरकत नसते. आयोगाच्या नियमानुसार नातेवाइकाने खरोखर काम केलेले असावे आणि मोबदला बाजारभावापेक्षा जास्त नसावा, एवढ्याच अटी आहेत. हा नियम मला मुळात अन्यायाचा वाटत नाही. लहान मतदारसंघात हिशेब ठेवणारी सून किंवा रात्रंदिवस गाडी चालवणारा भाऊ यांचे श्रम फुकट घ्यावेत, असे मी म्हणणार नाही. परंतु काम खरे होते का आणि दर योग्य होता का, हे देणगीदाराने तपासायचे तर आधी पैसे घेणारी व्यक्ती नात्यातली आहे हे त्याला कळायला हवे, आणि आयोगाच्या खर्च-अहवालाच्या नमुन्यात नात्याचा रकानाच नाही.

याचे परिणाम शोध घेताना जागोजागी जाणवतात. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदललेले असले तर ती यादीत परकी दिसते. पैसे कंपनीच्या नावाने गेले तर त्या नावावरून काहीच उमगत नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या खासदार इल्हान ओमर यांच्या समितीने २०१९-२० च्या चक्रात त्यांच्या पतीची भागीदारी असलेल्या ‘ई स्ट्रीट ग्रुप’ या सल्लागार संस्थेला पंचवीस लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. कामे कायदेशीर होती अशी त्यांची भूमिका होती आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी तो करार संपवला. तथापि केवळ आयोगाची यादी वाचणाऱ्याला त्या नावामागचे नाते कधीच समजले नसते. रिपब्लिकन नेते टॉम डिले यांच्या समित्यांनी पत्नी आणि मुलीला २००१ पासून पाच लाख डॉलरहून अधिक दिल्याचे २००५ मध्ये वृत्तपत्रांतून लोकांना कळले. वॉशिंग्टनमधील ‘क्रू’ या देखरेख संस्थेने २०१२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ८२ सदस्यांनी आपल्या कार्यालयांतून, प्रचारसमित्यांतून किंवा राजकीय समित्यांतून नातेवाइकांना पैसे दिल्याचे दाखवले. त्यांत दोन्ही पक्षांचे सदस्य जवळजवळ सारख्याच संख्येने होते, म्हणून हा एका पक्षाचा दोष मानून चालणार नाही.

उपाय सुचलेला नाही असेही नाही. २००७ मध्ये डेमोक्रॅटिक खासदार ॲडम शिफ यांनी मांडलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने संमत केले होते. प्रचारनिधीतून पती किंवा पत्नीला मोबदला देण्यास त्यात बंदी होती आणि इतर जवळच्या नातेवाइकांना दिलेल्या रकमा जाहीर करण्याची सक्ती होती. सिनेटने ते पुढे नेले नाही. १९६७ च्या कायद्याने खासदाराला सरकारी कार्यालयात नातेवाईक नेमता येत नाही, मग सामान्य माणसाने विश्वासाने दिलेल्या देणगीला तेवढेही संरक्षण का नसावे, याचे पटणारे उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.

भारतात याच्या जवळजवळ उलट स्थिती आहे. उमेदवाराच्या शपथपत्रात पती-पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता नोंदवावी लागते, म्हणजे नाते उघड असते. पण निकालानंतर तीस दिवसांत दिला जाणारा खर्चाचा हिशेब असा शोधता येईल अशा स्वरूपात क्वचितच मिळतो.

अमेरिकेत देणगी देण्याचा अधिकार नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना आहे, आणि तिथल्या अनेक मराठी कुटुंबांकडेही प्रचारसमित्यांची पत्रे येत असतात. त्यांनी ही सेवा जरूर वापरावी, पण तिच्या जोडीला प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांची वार्षिक आर्थिक विवरणपत्रे उघडावीत. पती किंवा पत्नीची कमाई कुठून येते हे त्यांत लिहावे लागते. किती, ते लिहावे लागत नाही. तो स्रोत आणि आयोगाच्या यादीतील नाव जुळले, तर रक्कम आणि तारखा आयोगाच्या यादीतून मिळतात. मुले, भावंडे आणि सासरची माणसे यांच्यासाठी अशी सोय नाही. संशय पक्का झाल्यास शपथेवर लेखी तक्रार कोणालाही करता येते, परंतु निर्णयाला सहांपैकी चार आयुक्तांची मते लागतात आणि मे २०२५ पासून पुरेशा आयुक्तांअभावी आयोगाची गणसंख्याच भरत नव्हती. त्यामुळे देणगी देण्यापूर्वी मागील दोन चक्रांतील पगार आणि सल्लागारांच्या नोंदी पाहणे, आणि अनोळखी नावांविषयी थेट प्रचारकार्यालयाला लेखी विचारणे, हाच मार्ग मी सुचवेन.