आधी परवानगी की नंतर आढावा? रुग्णालयांतील प्रतिजैविकांचा अनुचित वापर रोखण्याचे दोन मार्ग

प्रतिजैविकांच्या अनुचित वापराला आळा घालायचे ठरले, की रुग्णालयाच्या औषध समितीपुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात. पहिल्यात काही निवडक औषधे संसर्गरोगतज्ज्ञाच्या किंवा प्रशिक्षित फार्मासिस्टच्या पूर्वपरवानगीशिवाय मिळत नाहीत. दुसऱ्यात उपचार करणारा डॉक्टर औषध लगेच सुरू करतो आणि ४८ ते ७२ तासांनी, बहुधा कल्चरचा (नमुन्यातील जंतू वाढवून ते कोणते व त्यांवर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या चाचणीचा) अहवाल हाती आल्यावर, तज्ज्ञांचे पथक ते थांबवावे, बदलावे की चालू ठेवावे याविषयी त्याच्याशी बोलते. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्हींची शिफारस केलेली असल्याने, निवड करताना आपल्या मनुष्यबळाला काय पेलेल आणि अतिवापर नेमका कोठे होतो, हेच पाहावे लागते.

पूर्वपरवानगीचा परिणाम लवकर दिसतो, कारण औषध सुरू होण्याआधीच प्रश्न विचारला जातो. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात निर्बंधांचा परिणाम पहिल्या महिन्यात सल्ला, अभिप्राय अशा समजावणीच्या उपायांपेक्षा अधिक आढळला होता. बारा महिन्यांनंतर मात्र दोहोंत लक्षणीय फरक उरला नव्हता. शिवाय एका औषधावरचा निर्बंध दुसऱ्याचा वापर वाढवू शकतो. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाने सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांच्या गटाचा वापर सुमारे ८० टक्क्यांनी घटवला, तेव्हा त्याच गटातील सेफ्टाझिडिमला न जुमानणारे क्लेबसिएला हे जंतू ४४ टक्क्यांनी कमी झाले, पण इमिपेनेम या दुसऱ्या गटातील प्रतिजैविकाचा वापर खूप वाढला आणि त्याला न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचे प्रमाण ६९ टक्क्यांनी चढले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अनुभव प्रत्येक समितीने निर्बंधांची यादी करण्यापूर्वी लक्षात घ्यावा. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या स्थितीतील) रुग्णाला पहिला डोस मिळण्यास होणारा विलंब हा याहून गंभीर धोका आहे. म्हणून पहिला डोस विनापरवानगी द्यावा आणि परवानगीची अट पुढील डोसांना लावावी, असे मी आग्रहाने सुचवेन. परवानगी देणारी व्यक्ती रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही उपलब्ध हवी, नाहीतर परवानगीची वेळ संपताच मागण्या वाढतात.

आढाव्याच्या मार्गाने पहिल्या दोन दिवसांतील चुकीची निवड टळत नाही आणि सल्ला ऐकण्याचे बंधन नसते. तरीही माझा कल याच मार्गाकडे आहे, कारण अनुचित वापराचा मोठा भाग औषध सुरू करण्यात नव्हे, तर ते वेळेवर न थांबवण्यात असतो. संसर्ग नसल्याचे स्पष्ट झाले तरी औषध चालू राहते, अहवालात साधे औषध पुरेसे दिसत असूनही व्यापक परिणामाचे औषध बदलले जात नाही, शस्त्रक्रियेपूर्वीचा प्रतिबंधक डोस नंतर अनेक दिवस लांबतो. या चुका परवानगीच्या खिडकीवर दिसत नाहीत. २२१ अभ्यासांवर आधारलेल्या कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यानुसार विविध उपायांमुळे धोरणाला धरून उपचार होण्याचे प्रमाण ४३ वरून ५८ टक्क्यांवर गेले आणि उपचाराचा काळ सरासरी सुमारे दोन दिवसांनी घटला, पण मृत्युदर वाढला नाही. उपायांना अभिप्रायाची जोड दिल्यास परिणाम वाढतो, असेही त्यात आढळले.

केवळ व्याख्याने किंवा भिंतीवरचे तक्ते यांचा परिणाम टिकत नाही, त्यामुळे त्यांचा स्वतंत्र पर्याय म्हणून विचार करू नये.

पूर्णवेळ तज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयाने एका प्रशिक्षित फार्मासिस्टपासून सुरुवात करावी आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी अतिदक्षता विभागासह एक-दोन वॉर्डांचा आढावा घ्यावा. पूर्वपरवानगी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील ‘राखीव’ गटातील, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायच्या, औषधांपुरतीच ठेवावी, म्हणजे ती देणाऱ्यावर ताण येणार नाही. परिणाम मोजताना नियंत्रित औषधाबरोबर त्याच्या जागी वापरल्या जाणाऱ्या औषधांचा खपही दरमहा, दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्णदिवस), नोंदवावा.