इंटरप्ट नेमका कधी? एम्युलेटर लिहिणाऱ्यासाठी तीन पद्धतींची तुलना

सोलापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा एम्युलेटर (ते मशीन आजच्या कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारा प्रोग्राम) लिहायचं मनात असेल, तर प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन लिहून होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पेच पडतो तो इंटरप्टपाशी, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्यापाशी. त्याची वेळ किती बारकाईने मोजायची, हे आधीच ठरवलेलं बरं. नंतर बदलायचं म्हणजे अर्धा कोड पुन्हा लिहावा लागतो. मी 1982 च्या 48के झेडएक्स स्पेक्ट्रमवरून सांगतो. त्यातला झेड-80 प्रोसेसर 3.5 मेगाहर्ट्झवर चालतो आणि एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) 69,888 टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, असतात. दर फ्रेमला एक, म्हणजे सेकंदाला साधारण 50.08 इंटरप्ट.

पहिली पद्धत सगळ्यात सोपी: 69,888 टी-स्टेट चालवा, इंटरप्टचा झेंडा (इंटरप्ट बाकी असल्याची खूण) वर करा, पुन्हा चालवा. एका दुपारीत होते. बेसिक चालतं, बरेच खेळही चालतात. पण शेवटची इन्स्ट्रक्शन फ्रेमची हद्द ओलांडून गेली, तर तो वाढीव भाग पुढच्या फ्रेममधून वजा करायलाच हवा. तो सोडून दिला की प्रत्येक फ्रेम थोडी थोडी लांबत जाते.

या पद्धतीचा खरा दोष मात्र झेंड्यात आहे. स्पेक्ट्रममध्ये इंटरप्टची रेघ (इशारा नेणारी तार; ती खाली म्हणजे इशारा चालू) फक्त 32 टी-स्टेट खाली राहते आणि मग आपोआप वर जाते. प्रोग्रामने त्या वेळात इंटरप्ट बंद ठेवले असतील, तर तो इंटरप्ट गेला तो गेला. झेंडा मात्र कुणी घेईपर्यंत वरच राहतो, त्यामुळे खऱ्या मशीनवर कधीच न आलेला इंटरप्ट तुमच्याकडे उशिरा येऊन धडकतो. खेळ मधूनच अडखळतो आणि दोष सापडता सापडत नाही, कारण प्रत्येक इन्स्ट्रक्शन तर बरोबर असते.

दुसऱ्या पद्धतीत झेंडा नसतो, वेळेची खिडकी असते. प्रत्येक इन्स्ट्रक्शन संपली की विचारायचं: फ्रेममधली आत्ताची जागा 0 ते 31 मध्ये आहे का, आणि इंटरप्ट चालू आहेत का? झेड-80 ची सगळ्यात लांब इन्स्ट्रक्शन 23 टी-स्टेटची, त्यामुळे इंटरप्ट चालू असताना 32 ची खिडकी हुकत नाही. मूळ रचनेतला हा हिशेब मला फार आवडतो. सोबत दोन नियम पाळावेच लागतात. ईआय (इंटरप्ट चालू करणारी इन्स्ट्रक्शन) नंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण होईपर्यंत इंटरप्ट घ्यायचा नाही. आणि स्वीकारायलाही वेळ लागतो: आयएम 1 मध्ये 13 टी-स्टेट, आयएम 2 मध्ये 19 (या झेड-80 च्या इंटरप्ट घेण्याच्या दोन रीती). हॉल्टमध्ये (इंटरप्ट येईपर्यंत थांबवणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये) प्रोसेसर 4-4 टी-स्टेटच्या पावलांनी थांबून राहतो, म्हणून तिथून सुटताना फरक जास्तीत जास्त 3 टी-स्टेटचा पडतो. चित्राभोवतीच्या बॉर्डरवर रंगाचे पट्टे काढणारे प्रोग्राम याच भरवशावर चालतात.

तिसरी पद्धत टी-स्टेटगणिक चालणारी. प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप एकेक पाऊल सोबत टाकतात. सगळ्यात अचूक, सगळ्यात संथ, आणि लिहायला जड. कमोडोर 64 निवडलात तर मात्र पर्याय नाही: पाल टीव्ही पद्धतीच्या मशीनवर पडद्याच्या एका ओळीत 63 सायकल (घड्याळाचे ठोके), त्यातल्याही चित्राच्या दर आठव्या ओळीला चित्र काढणारी व्हीआयसी-2 चिप प्रोसेसरच्या 40 हून जास्त सायकल काढून घेते. तिथले डेमो (चित्र-आवाजाची करामत दाखवणारे प्रोग्राम) एकेका सायकलवर बेतलेले असतात.

आयबीएम पीसीवर गणित उलटं होतं. 8253 टायमरचा ठोका सेकंदाला सुमारे 18.2 वेळा पडतो आणि इंटरप्ट सांभाळणारी 8259 चिप तो लक्षात ठेवते. त्यामुळे तिथे झेंडाच बरोबर, खिडकी चूक. बीबीसी मायक्रो, जे 1984 मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय कॉम्प्युटर-साक्षरता योजनेतून आपल्याकडच्या शाळांत आले, त्यांत 6522 चिप आपला झेंडा पुसला जाईपर्यंत रेघ खालीच धरून ठेवते. म्हणून कोड लिहायच्या आधी आपल्या मशीनमध्ये रेघ कोण खाली ओढतं आणि कोण सोडतं, एवढं वाचून घ्या.

आता लॅपटॉपचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि तापलेला लॅपटॉप आपला वेग स्वतःच कमी करतो. इंटरप्ट लॅपटॉपच्या घड्याळावर बेतला असेल, तर दोन इंटरप्टच्या मधे कमी टी-स्टेट चालतात आणि खेळाचं काम फ्रेममध्ये पुरं होत नाही. टी-स्टेट मोजूनच इंटरप्ट दिला, तर सगळं मशीन एकसारखं संथ होतं, पण बिघडत नाही. वेग आवाजाच्या बफरला (वाजण्याआधी आवाजाचे नमुने साठतात त्या जागेला) बांधा: 44,100 हर्ट्झला एका फ्रेममागे सुमारे 880.6 नमुने येतात. अपूर्णांक पुढच्या फ्रेममध्ये न्या, नाहीतर आवाजात टकटक येते.

माझं मत स्पष्ट आहे. स्पेक्ट्रम किंवा साधी पीसी असेल तर दुसरी पद्धत घ्या. पीसीवर फक्त खिडकीच्या जागी झेंडा येईल. पहिली पद्धत आठवडाभराच्या तालमीपुरती ठीक. तिसरीला कमोडोरसाठीच हात घाला, तेही गटात दोघंतिघं असतील तर.

तपासताना झेक्सऑल या झेड-80 च्या तयार चाचणी-प्रोग्रामवर विसंबू नका. ती चाचणी इन्स्ट्रक्शनचे निकाल आणि फ्लॅग (निकालाबद्दल प्रोसेसर ठेवतो त्या खुणा) पाहते, इंटरप्टची वेळ पाहत नाही. त्यासाठी स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहा: हॉल्ट, ठराविक थांबा, बॉर्डर लाल, पुन्हा ठराविक थांबा, बॉर्डर काळी, परत हॉल्ट. लाल पट्टा प्रत्येक फ्रेममध्ये जागचा हलता कामा नये. तो सावकाश खाली सरकत असेल, तर आधी वाढीव टी-स्टेटचा हिशेब तपासा.