एरर नाणी पारखताना: काटा, भिंग, चुंबक आणि यूएसबी मायक्रोस्कोप, काही महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीत मी खिशात मावणारा डिजिटल काटा, 10 पट दाखवणारं भिंग आणि एक यूएसबी मायक्रोस्कोप घेतला. लहानसं जोरकस चुंबक घरात होतंच. आता नागपुरात पावसाळा लागलाय. मधल्या काळात सीताबर्डीच्या फुटपाथवरची, इतवारीतल्या ओळखीच्या दुकानातली आणि ऑनलाइन लिलावातून आलेली बरीच एरर नाणी, म्हणजे टांकसाळीत पाडताना चूक झालेली किंवा तशी म्हणून विकली जाणारी नाणी, या साधनांखालून गेली. आधी काय घ्यावं असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

निकाल आधीच सांगून टाकतो. काट्याला पैकीच्या पैकी, भिंगाला त्याच्या खालोखाल आणि मायक्रोस्कोपला जेमतेम अर्धे गुण. मात्र साधन कोणतंही असो, नाणं हातात घेतल्यावर मी एकच प्रश्न विचारतो: टांकसाळीतल्या कोणत्या पायरीवर ही चूक होऊ शकते? पट्टीतून चकती कापली जाते, तिची कड उभारली जाते, मग कॉलरमध्ये, म्हणजे भोवतीच्या कड्यात, धरून दोन ठशांच्या मधे ती दाबली जाते. दाखवली जाणारी चूक यातल्या एकाही पायरीवर बसत नसेल, तर ती टांकसाळीबाहेर कुणीतरी केलेली आहे.

काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाराच घ्या. 1992 पासूनचं तांबे-निकेलचं 5 रुपयांचं जाड नाणं 9 ग्रॅमचं, अकरा कोनांचं 2 रुपयांचं 6 ग्रॅमचं, 1992 पासूनचा, पण 2011 च्या मालिकेआधीचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा आणि 2011 च्या मालिकेतलं दोन धातूंचं 10 रुपयांचं 7.71 ग्रॅमचं. ठसा बाजूला सरकून पडला तरी चकतीतला धातू कुठे जात नाही, त्यामुळे खऱ्या ऑफ-सेंटर नाण्याचं वजन जवळपास पूर्ण भरतं. कानस मारून एक बाजू कोरी केलेलं नाणं मात्र हलकं येतं. झिजेमुळे शंभरातला एखादा अंश कमी होतो, तेवढा सोडून द्यावा. ऑफ-सेंटरमध्ये आकारही बघायचा. चकती कॉलरमध्ये नीट बसलेली नसते, म्हणून धातू बाहेर पसरतो आणि नाणं गोल राहत नाही. पूर्ण गोल, कडेचे दाते सगळीकडे शाबूत आणि दोन्ही बाजूंची छाप तेवढी सरकलेली, असं काही समोर आलं तर मी पुढे बोलतच नाही.

उन्हाळ्यात एक त्रास झाला. कूलर चालू असला की त्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा स्थिरच होत नाही. मे महिन्यात कूलर बंद करून वजन करणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. शेवटी काट्यावर पारदर्शक डबा उपडा ठेवायला लागलो. सोबत मिळालेल्या वजनाने अधूनमधून ताळा घ्यावा लागतो. सराफा ओळीतल्या एका काकाजींच्या काट्यावर तेच नाणं ठेवून मी फरक बघतो. परवा ते म्हणाले, "तुमचं मशीन बराबर आहे जी, फक्त पाटी पुसत जा." खरंच, बोटांचा घाम आणि धूळ बसून आकडा थोडा वर जात होता.

याच काट्यावर धातूचीही परीक्षा होते, आणि ही मला सगळ्यात आवडते. प्लास्टिकच्या लहान पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा, मग नाणं दोऱ्याने बांधून तळाला किंवा बाजूला न टेकता पूर्ण बुडवून धरायचं. दिसतो तो आकडा नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. हवेतल्या वजनाला त्याने भागलं की घनता निघते. तांबे-निकेलचं 9 ग्रॅमचं नाणं सुमारे 1.01 दाखवतं, म्हणजे घनता 8.9 च्या आसपास. स्टीलची साधारण 7.7 येते. चकती चुकीच्या धातूची आहे असा दावा असेल तर हे करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चुंबकाचं काम दोन सेकंदांचं. 2007 मध्ये आलेलं स्टीलचं 5 रुपयांचं नाणं चिकटतं, तांबे-निकेलचं चिकटत नाही. अमेरिकेच्या 1943 च्या तांब्याच्या सेंटची गोष्ट संग्राहकांना ठाऊक आहे. त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलवर पाडले जात होते, तांब्याच्या चकतीवर चुकून पडलेले फारच थोडे. म्हणून लोकांनी स्टीलच्या सेंटला तांब्याचा मुलामा दिला. असा नग चुंबकाला लगेच चिकटतो.

आता भिंगाबद्दल, कारण खरी पारख तिथे होते. शहरातल्या एका प्रदर्शनात लिलावाआधी लॉट हाताळायला मिळाले. त्यात अकरा कोनांचं 2 रुपयांचं एक 'लखी' होतं. एका बाजूला सरळ सिंह, दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि आत खोल गेलेले. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली गेली की असं होतं. विक्रेता म्हणाला, "मशीनचीच चूक आहे भाऊ, घेऊन टाका." भिंग लावलं तर खोल गेलेल्या सिंहांच्या आजूबाजूला नकाशाची चपटलेली किनार दिसत होती आणि कडेजवळ 'राष्ट्रीय एकात्मता'मधली दोन-तीन अक्षरं दबून पसरलेली होती. कोऱ्या चकतीवर नकाशा येईल कुठून? तयार नाण्यावर दुसरं नाणं ठेवून शिकंज्यात आवळलेलं होतं ते. पलीकडच्या सरळ सिंहांचे उंच भागही टेकून सपाट झाले होते. खऱ्या लखीमध्ये ते ठसठशीत असतात, कारण त्या बाजूला ठसा नेहमीसारखाच पडलेला असतो.

कडेला चंद्रकोरीसारखा काप गेलेल्या नाण्यात कापाच्या बरोबर समोरची कड बघा. कड उभारणाऱ्या यंत्रात एका बाजूला रिकामी जागा आली की समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसत नाही, म्हणून ती कड पुसट राहते. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. तो प्रत्येक खऱ्या नगात दिसेलच असं नाही, पण दिसला तर मोठा आधार मिळतो. समोरची कड भरदार आणि कापात कानशीचे ओरखडे असतील तर मी नाणं परत ठेवतो. मधला भाग नसलेलं 10 रुपयांचं नाणं असेल तर काटा कामाचा नाही. नुसती कडी 4.45 ग्रॅमची, ती टांकसाळीत रिकामी राहिलेली असो की घरी ठोकून मोकळी केलेली. अशा वेळी भोकाची आतली भिंत बघायची. मधला भाग नसतानाच ठसा पडला असेल तर धातू आत ओघळलेला असतो. नंतर ठोकून काढला असेल तर त्याच्या पकडीची खूण तशीच राहते.

मायक्रोस्कोपने निराश केलं. जाहिरातीत 1000 पट लिहिलेलं, पण नाण्याला 20 ते 50 पटीपलीकडे काही उपयोग नाही. त्याचे दिवे चकचकीत स्टीलवर इतके चमकतात की अक्षरं दिसेनाशी होतात. दिव्यांवर बटर पेपरचा तुकडा लावल्यावर जरा बरं झालं. स्टँड काही महिन्यांतच सैल पडला. उपयोग दोनच ठिकाणी झाला. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंचावलेली रेघ येते आणि ओरखडा आत गेलेला असतो, हे पडद्यावर मोठं दिसतं. दुसरं म्हणजे दुहेरी अक्षरं. ठसाच दुहेरी असेल तर अक्षर जाड होतं आणि कोपऱ्यांवर खाच दिसते. ठसा आपटताना नुसता हलला असेल तर अक्षराच्या कडेला चपटी पायरी बनते आणि अक्षर बारीक होतं. दुसऱ्या प्रकाराला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत, पण विकला जातो तो पहिल्याच्या नावाने.

ज्यात चूकच नाही असा मालही खूप फिरतो. 10 रुपयांच्या नाण्यावर 10 रेषा आणि 15 रेषा ही वेगवेगळी डिझाइन्स आहेत. अशी 14 डिझाइन्स वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी जाहीर केलं होतं. कोलकात्याच्या नाण्यावर टांकसाळीची खूण नसतेच, तरी 'खूण विसरलेलं दुर्मिळ नाणं' म्हणून ते खपवलं जातं. जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं. असे फोन अजून येतात, ते सरळ बंद करा.

ऑनलाइन लिलावात नाणं हातात येत नाही, म्हणून मी बोली लावण्याआधी तीन गोष्टी मागतो: दोन दशांशांपर्यंत वजन दिसणारा काट्यावरचा फोटो, कडेचा फोटो आणि तिरप्या उजेडातले दोन्ही बाजूंचे फोटो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्यांच्या डबीतलं असेल तर तिच्यावरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून तिथला फोटो डबीतल्या नाण्याशी ओरखडा न् ओरखडा जुळवतो, कारण डब्याही बनावट निघतात. हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन आणि जीएसटी चढतो, तो आधीच धरून बोलीची मर्यादा ठरवतो. कडेचा फोटो द्यायला जो विक्रेता दोनदा टाळाटाळ करतो, त्याच्या लॉटवर मी बोलीच लावत नाही.