नवा म्हणून विकलेला टर्नटेबल आणि बदललेली सुई

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका विक्रेत्याकडून मी अमेरिकेहून आलेला, पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल (तबकडी वाजवणारे यंत्र) आणि मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुईची कंपने विजेच्या संकेतांत बदलणारा भाग) असा संच 2,80,000 रुपयांना घेतला. दोन्ही वस्तू नव्या असून केवळ डेमोसाठी उघडल्या आहेत, असे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले होते. प्रत्यक्षात कार्ट्रिजची मूळ सुई काढून हलक्या प्रतीची सुई बसवलेली होती आणि टर्नटेबल आपल्याकडच्या विजेवर योग्य गतीने चालणारा नव्हताच. हे दोन्ही दोष डेमोत लक्षात येऊ नयेत अशी पुरेपूर व्यवस्था त्याने केली होती, आणि ही व्यवस्था कशी होती ते इतरांना कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डेमोला मी माझ्या दोन एलपी घेऊन गेलो होतो. ‘जुन्या रेकॉर्डमधल्या धुळीने नव्या सुईला इजा होते,’ असे सांगून त्याने त्या लावू दिल्या नाहीत आणि स्वतःची 45 गतीची, म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणारी, परदेशी तबकडी लावली. तीही फक्त पहिल्या गाण्यापुरती. यात काय साधले जाते हे समजून घ्यायला हवे. 33⅓ गतीच्या बारा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलाजवळ तोच वेग 21 सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे तेवढेच संगीत आत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते. तिथे गोल टोकाची साधी सुई बारीक वळणांत नीट उतरू शकत नाही, लाइन-कॉन्टॅक्ट, म्हणजे खाचेला बारीक रेषेत टेकणारी, सुई उतरते. बाहेरच्या कडेला, त्यातही 45 गतीवर, दोन्ही सुया जवळजवळ सारख्याच चांगल्या वाजतात. आपल्या ख्यालाच्या एलपींवर विलंबित आधी आणि द्रुत शेवटी असते, त्यामुळे ताना नेमक्या आतल्या खाचांत येतात. माझ्या घरी पहिल्याच संध्याकाळी विलंबित सुरेख वाजले, पण द्रुतातल्या ताना एकमेकींत मिसळून गेल्या आणि नाट्यसंगीताच्या तबकडीत शेवटी शेवटी ‘स’ आणि ‘श’ फाटू लागले.

विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने कार्ट्रिज ‘मोकळे’ व्हायला वेळ लागतो असे सांगितले. नव्या कार्ट्रिजमधले रबर वापराने थोडे सैलावते हे खरे आहे, पण सुईचा आकार वाजवून बदलत नाही. पुढे त्याने माझ्या तबकड्याच खराब ठरवल्या, आणि त्यानंतर उत्तर देणे बंद केले.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका अनुभवी तंत्रज्ञाने सुई सूक्ष्मदर्शकाखाली धरून पडद्यावर दाखवली. मूळ सुईला असणारा बोरॉनचा कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी दांडी, बारीक आणि काळपट असते. पडद्यावर दिसत होती ती अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत नळी, आणि ती जिथे कार्ट्रिजमध्ये शिरते तिथे गोंदाचा पिवळसर थेंब होता. टोकाशी अखंड हिरा नव्हता, तर धातूच्या खुंटीवर हिऱ्याचा कण चिकटवलेला होता. वरचे कवच आणि त्यावरचा सिरियल नंबर मात्र अस्सल होता. सुईच्या या तपशिलावरच किंमत ठरते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-ओसी9एक्स या मालिकेत सर्वांत स्वस्त मॉडेलला अ‍ॅल्युमिनियमची दांडी व चिकटवलेला हिरा असतो, तर वरच्या मॉडेलांना बोरॉन आणि अखंड हिरा. किमतीतली तफावत मोठी असते. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजची सुई बदलून देणे हा प्रामाणिक कारागिरांचाही व्यवसाय आहे आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते अशी दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे.

टर्नटेबलचा दोष त्याहून वाईट होता. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, आपल्याकडे 50 हर्ट्‌झची. सिंक्रोनस एसी मोटरची गती या वारंवारतेवरच ठरते. सोबत दिलेला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 110 करतो, पण हर्ट्‌झ बदलत नाही. त्यामुळे 60 हर्ट्‌झची पुली (पट्टा फिरवणारी मोटरवरची चकती) असलेला टर्नटेबल इथे मिनिटाला 33⅓ ऐवजी 27.8 फेरेच घेतो आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये, म्हणजे बऱ्याच खालच्या पट्टीत, ऐकू येते. विक्रेत्याने पुलीवर काळी हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी चढवून तिचा व्यास वाढवला होता. डेमोत गती बरोबर होती. पावसाळ्याच्या दमट उकाड्यात नळी सैल होऊन सरकू लागली, तेव्हा तानपुरा हेलकावे खाऊ लागला. कंपनीची 50 हर्ट्‌झची पुली हा यावरचा सरळ उपाय होता, पण ती मागवली असती तर यंत्र अमेरिकेसाठी बनलेले आहे हे उघड झाले असते. क्वार्ट्‌झ नियंत्रण असलेल्या डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबलमध्ये ही अडचण येत नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी स्वतःची तबकडी, तीही शेवटच्या खाचांपर्यंत, वाजवून ऐकावी. विक्रेता नकार देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. वरची थाळी उचलायला लावून पुली पाहावी, मागच्या पट्टीवरचे व्होल्ट आणि हर्ट्‌झ वाचावेत, आणि भिंगातून दिसणारी सुई कंपनीच्या छायाचित्राशी ताडून पाहावी. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि ‘नवे’ हा शब्द असल्याशिवाय रक्कम देऊ नये.

जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते. तिला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी मार्गदर्शन मिळते. ‘मी व्यापारी नाही, हौस म्हणून विकतो’ असा पवित्रा या विक्रेत्याने घेतला आहे, त्यामुळे तो व्यापारीच आहे हे दाखवायला त्याच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट मला तक्रारीला जोडावे लागले. टर्नटेबलची पुली मी नळीसकट काढून, छायाचित्रांसह पाकिटात बंद करून ठेवली आहे आणि तिच्या जागी कंपनीची 50 हर्ट्‌झची पुली बसवली आहे. कार्ट्रिज मात्र दुरुस्तीला दिलेले नाही, कारण तेच मुख्य पुरावा आहे. ज्यांच्या हाती असे कार्ट्रिज आले असेल त्यांनी सुई बदलून घेण्याआधी सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे काढावीत आणि तंत्रज्ञाचा सहीनिशी लेखी अभिप्राय घ्यावा.