सिमचा सेट की स्वतःची फ्रिक्वेन्सी? पुराच्या बोटींसाठी वायरलेस घेताना

सांगलीत नदीकाठच्या बऱ्याच मंडळांकडं आता बोट आहे, जॅकेटं आहेत. अडतं ते बोलण्यापाशी. यंदा सेट घ्यायचे म्हणणाऱ्यांपुढं माझ्या मते दोनच पर्याय उरतात: मोबाइलच्या सिमवर चालणारा, बटण दाबून बोलायचा सेट, नाहीतर लायसन्स काढून घेतलेला व्हीएचएफचा (टॉवरशिवाय सेटवरून सेटवर थेट बोलणारा) साधा अ‍ॅनालॉग, म्हणजे डिजिटल नसलेला, वायरलेस. ४४६ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे बिनलायसन्सचे सेट मी यात धरतच नाही. गणपतीच्या मिरवणुकीला ते ठीक आहेत.

२०१९ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्याकडं नुसता फोनवरचा ग्रुप होता. १९२८ साली डेट्रॉईटच्या पोलीस गाड्यांत रेडिओ आला, पण एकतर्फी. गाडीला फक्त ऐकू यायचं, उत्तर द्यायला शिपायानं फोन गाठायचा. आमचं तेच चाललं होतं: निरोप टाकायचा आणि पोचला का ते विचारायला परत फोन करायचा. न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या पोलिसांनी १९३३लाच दुतर्फी बोलणं सुरू केलं होतं. आम्हाला २०२१ उजाडलं. सिमचे सेट आणले.

त्यांचं कौतुक करायलाच हवं. खांबावर अँटेना नको, अर्ज नको, पुण्यात नोकरीला असलेला पोरगाही ऐकत बसतो. टेबलावर बसून बोटींना निरोप देणाऱ्या माणसाला नकाशावर बोट दिसते, त्यामुळं दर पाच मिनिटांचं ‘कुठं आहेस रे’ संपतं. टेबल मीच सांभाळत होतो, म्हणून सांगतो, हे सुख लहान नाही.

पण बटण दाबलं की ‘टुंग’ वाजेपर्यंत थांबावं लागतं. बोलायची पाळी लांबच्या सर्व्हरकडून येते, ती आल्याशिवाय आपला आवाज पुढं जात नाही. घरी कॉटवर बसून बघितलं तर काहीच वाटत नाही. बोटीत मात्र ‘टुंग’ची वाट कोण बघतो? आणि गिळला जातो तो नेमका पहिला शब्द, म्हणजे बोटीचा नंबर. त्या जुलैत रात्री मी ओरडलो, “तीन नंबर, थांबा, पुढं तार आहे.” पोचलं एवढंच: “थांबा, पुढं तार आहे.” तिन्ही बोटींनी इंजिन कमी केलं. दोन नंबर ओढीला लागली आणि बाजूच्या उसात शिरली. पंख्यात पाचट अडकलं, ते काढायला बॅटरीच्या उजेडात पाऊण तास गेला. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्रीनंतर माझं मन त्या सेटवरून उडालं.

व्हीएचएफमध्येही घाई केली तर अर्धं अक्षर जातं, नाही असं नाही. पण ‘तीन’चं ‘ईन’ तरी ऐकू येतं. शिवाय बोट लांब गेली की खरखर वाढत जाते, टेबलावरच्याला अंदाज येतो. सिमचा सेट गप्प झाला तर रेंज गेली की सगळं ठीक आहे, कळायला मार्ग नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेतले पोलीस-अग्निशमनवाले पण मोबाइलच्या तंत्राकडं वळलेच ना. वळले, पण २०१२ला कायदा करून ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांच्यासाठी २० मेगाहर्ट्झ राखून ठेवले. गर्दी झाली तर इतरांना बाजूला सारून त्यांना वाट मिळते. आपलं सिम म्हणजे रांगेतलं साधं गिऱ्हाईक. पुरात सगळा गाव एकदम फोन लावतो आणि टॉवरचं डिझेलही संपतं.

स्पेक्ट्रमचं, म्हणजे रेडिओच्या फ्रिक्वेन्सींचं, कॅनॉलच्या पाण्यासारखं आहे, पाळी आपल्या नावावर असलेली बरी. मात्र त्यासाठी दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज, फ्रिक्वेन्सीचं वाटप, दरवर्षीचं शुल्क, हे सगळं निस्तरणारा एक चिकट माणूस मंडळात हवा. तो नसेल तर सिमचाच सेट घ्या, मी नावं ठेवणार नाही. व्हीएचएफ घेणार असाल तर अ‍ॅनालॉग आणि डीएमआर (डिजिटल वायरलेसची एक पद्धत) दोन्ही चालणारा बघा. डीएमआर साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच सरीत आळीपाळीनं दोन बोलणी बसवतं, पुढंमागं बोटी वाढल्या तर उपयोगी पडेल. आम्ही सध्या अ‍ॅनालॉगवरच आहोत.

सिमचा एक सेट अजून टेबलावर असतो, पुण्याच्या पोरासाठी. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानात बोलून बघू नका. इंजिन चालू करा, सेट प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि घाईघाईत एखाद्याचं नाव घेऊन हाक मारा.